तिच्या रक्ताला माझी ओळख

११ जुलै २००४, सिंदेवाही

ही वही आकिबनं दिली. आकिब म्हणजे चंद्रपूरच्या दवाखान्यातला समुपदेशक. सत्तावीस-अठ्ठावीसचा पोरगा, बारीक कापलेली दाढी, कडक इस्त्रीचा शर्ट. म्हणाला, "प्रफुलभाऊ, जे बोलून होत नाही ते लिहून काढा, हलकं वाटते." मला त्याची वही नको होती. साधनानं ती घेतली, पिशवीत टाकली आणि घरी आल्यावर माझ्यापुढे ठेवली. म्हणून लिहितो आहे.

मला एच.आय.व्ही. आहे. माझ्या बायकोला, साधनाला, नाही.

इतकंच लिहून मघापासून बसलो आहे. गोष्ट खरं तर एवढीच आहे.

मी आधी बांबूच्या ट्रकवर होतो. गडचिरोलीच्या जंगलातून माल भरायचा आणि बल्लारपूरला उतरवायचा. तीन वर्षांपूर्वी छातीवर नागीण उठली, रक्त तपासलं आणि निघालं. तेव्हा लग्नाला चार वर्षं झाली होती. चार वर्षं नवरा-बायकोसारखे राहिलो, मधे कुठलीच आडकाठी नव्हती. मूल मात्र राहिलं नाही. सगळे म्हणाले, हिलाही असणारच. तिची तपासणी केली, काही नाही. तीन महिन्यांनी परत केली, तरी काही नाही. डॉक्टरांना वाटलं, बाटल्यांची अदलाबदल झाली. तिसऱ्यांदाही तेच.

साधना रडली, देवापुढे दिवा लावला. मला आनंद झाला, असं मी सगळ्यांना सांगितलं. या वहीत सांगायची गरज नाही.

२६ जुलै

नागपूरच्या एका मोठ्या डॉक्टरीणबाईंनी अभ्यास काढला आहे. घरात एकाला हा आजार आहे आणि दुसरा इतकी वर्षं सोबत राहूनही कोरा आहे, अशा कोऱ्या माणसांचं रक्त त्यांना हवं आहे. दर तीन महिन्यांनी. चंद्रपूर-गडचिरोली या आमच्या दोन्ही जिल्ह्यांत मिळून अशी मोजकीच माणसं सापडली, त्यात साधना. जायचं-यायचं भाडं देतात, जेवण देतात.

मी आकिबला विचारलं, "माझं रक्त?"

तो म्हणाला, "तुमचं आपण आपल्या तपासणीसाठी घेऊच की, भाऊ."

म्हणजे नको. माझ्यासारखं रक्त कुठेही मिळतं.

२४ ऑगस्ट

आज चंद्रपूरला गेलो. सकाळपासून साधनाची तयारी. मोरपंखी लुगडं, जे तिनं भावाच्या लग्नानंतर काढलंच नव्हतं. हिरव्या बांगड्या. मी म्हणालो, "दवाखान्यात चालली का बारशाले?"

"कोणी बोलावते तर नीट जावं मनुष्यानं," ती म्हणाली.

एस.टी.त तिला खिडकी हवी होती. मूल गाव येईपर्यंत ती बाहेर बघत होती. मी तिच्याकडे. अंगावर तजेला आहे हिच्या. दंड कसे भरलेले. मी शेजारी बसलो की कुणालाही वाटावं, कुणाच्या तरी म्हाताऱ्या काकाला घेऊन चालली आहे.

आत तिला एकटीला नेलं. मी बाकावर. मधल्या खोलीच्या दाराला काच आहे, तिच्यातून दिसलं. आकिब तिच्यासमोर बसलेला. ती बोटांवर मोजत एकेक काहीतरी त्याला सांगत होती, तो मान हलवत होता. मग तो काहीतरी बोलला आणि ती हसली. तोंडाला पदर न लावता हसली. घरी ती अशी हसते का, हे आठवून पाहिलं. आठवलं नाही.

येताना विचारलं, "काय बोलून राह्यली होती त्याच्यासंगं?"

"तुमच्या औषधाचं."

"माह्या औषधात हसण्यासारखं काय आहे?"

ती परत खिडकीकडे वळली.

२० सप्टेंबर

पोळा झाला. कामावर गेलो. ट्रक सोडल्यापासून भात संशोधन केंद्राच्या शेतात रोजीवर आहे. सध्या करप्याचं पीक आहे, असं आम्ही गमतीनं म्हणतो. करपा हा धानाचा रोग. नव्या वाणात किती दम आहे ते बघायचं तर त्याच्या चारी बाजूंनी मुद्दाम रोगाला लवकर बळी पडणारा धान लावतात. तो आधी करपतो आणि त्याच्यावरून रोग मधल्या वाणांवर उडतो. मग साहेब लोक फिरतात. इतक्या रोगात जे रोप हिरवंगार उभं आहे, त्याला खूण करतात, त्याचं बी जपून ठेवतात.

कडेच्या ओळींचं काय करतात, हे आज कोलूला विचारलं. कोलू माझ्याबरोबर कामाला आहे. तो म्हणाला, "कापून जाळतात नं बापा, अजून काय करतीन?"

दुपारचा डबा खाववला नाही.

८ ऑक्टोबर

निकाल सांगायला डॉक्टरीणबाई स्वतः आल्या होत्या. साठीच्या, बारीक अंगाच्या, पायात साधी चप्पल. या वेळी मलाही आत बोलावलं.

त्या म्हणाल्या, साधनाच्या रक्तात विषाणू नाही. पण तिच्या रक्तातल्या काही पांढऱ्या पेशींना तो ओळखू येतो. विषाणूचे तुकडे दाखवले की त्या पेशी चवताळून उठतात. ज्याची कधी भेटच झाली नाही, त्याला पाहून कुणी असं उठत नाही. म्हणजे माझ्याकडून तो तिच्या अंगात गेला असणार, बहुतेक अनेकदा. आणि त्या पेशींनी त्याला तिथे टिकू दिलं नाही.

"असं का होतं?" मी विचारलं.

"तेच शोधतो आहोत," त्या म्हणाल्या. "मला अजून माहीत नाही. आणि एक नीट ऐका, याचा अर्थ ही कायमची सुरक्षित आहे असा नाही. निरोध वापरायचाच. दर वेळेला."

साधना खाली मान घालून ऐकत होती. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मला वाटतं, गर्वानं.

मी रात्रंदिवस ज्याच्यापुढे हरतो आहे, त्याला हिच्या अंगानं दारातूनच हाकललं. तिला कळलंसुद्धा नाही. ती भात रांधत होती, अंगण सारवत होती आणि आतमध्ये हे चाललं होतं. मी कुणाचं काय वाईट केलं म्हणून माझ्या पेशी झोपल्या? एकाच ताटात जेवलो आम्ही.

तरी एक गोष्ट परत येताना मनात घोळत राहिली. तिच्या रक्ताला माझी ओळख आहे. दुसऱ्या कुणाचीच नाही. ते जरा बरं वाटलं.

१७ नोव्हेंबर

भाऊबीजेला सोमाजी आला. साधनाचा मोठा भाऊ. मोहर्लीला ताडोबाच्या फाटकाजवळ त्याचं चहा-नाश्त्याचं हॉटेल आहे, वाघ बघायला येणाऱ्या लोकांवर चालतं. येताना तिला साडी आणि मला सफरचंदं घेऊन आला. आजाऱ्याला सफरचंदं.

मी मागच्या अंगणात हात धूत होतो. त्यांना वाटलं, मी लांब आहे.

"बाई, तुले काई झालं नाई नं? डॉक्टरनं पक्कं सांगतलं?"

"नाई झालं."

"मग काऊन बसली इथी? सत्तावीस वर्षांची हायेस. माह्या ओळखीत मानूस हाय. बायको वारली, एक पोरगी हाय लहान. चांगला हाय."

साधना काय म्हणते ते ऐकायला मी पाणी बंद केलं. ती काहीच म्हणाली नाही. "नाही" म्हणाली असती तर मला ऐकू आलं असतं.

जेवताना सोमाजी मला म्हणाला, "जवाई, तब्येतीले जपा." मी म्हणालो, "जपतो नं भाऊ." त्याचं सफरचंद मी गाईला घातलं.

२ डिसेंबर

त्या माणसाचं नाव साधनानं मला सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. पण कपडे वाळत घालताना, भाकर थापताना ती थोडी थांबली की वाटतं, त्याचाच विचार करते आहे. त्याच्या अंगाचा, जो धड असेल.

माझं वजन परत उतरलं. तोंड आतून पांढरं पडलं आहे, तिखट सोसत नाही. साधना पेज करते, फुंकर घालून देते. मला तिची फुंकरसुद्धा सहन होत नाही. केवढा दम आहे त्या फुंकरीत.

९ जानेवारी २००५

चंद्रपूर. मी बाहेरच थांबणार होतो, पण आकिबनं आत घेतलं. नव्या नमुन्याचा निकाल आला होता. साधना अजूनही कोरी. मात्र तिच्या पेशींना असलेली विषाणूची ओळख पहिल्यापेक्षा फिकी पडली आहे.

"म्हणजे?" मी विचारलं.

"घाबरू नका. आता तुम्ही दर वेळेला निरोध वापरता, तर तो विषाणू त्यांच्यासमोर येत नाही. भेट नाही तर ओळख हळूहळू कमी होते. काही लोकांत असं दिसते, मॅडम म्हणल्या."

साधनानं सुटकेचा श्वास सोडला. मला तो ऐकू आला.

तिचं रक्त मला विसरत चाललं आहे. इतकंच मी ऐकलं. परतीच्या प्रवासात ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली, तरी मला तेच ऐकू येत राहिलं.

१३ जानेवारी

विचार करतो आहे. भेट बंद झाली म्हणून ताकद कमी झाली, असं खुद्द आकिब म्हणाला. मग भेट चालू ठेवली तर ताकद राहील. चार वर्षं काही झालं नाही, ते काय उगाच? निरोधामुळेच तिचं नुकसान होतं आहे. हे डॉक्टरांना कसं सुचत नाही? तिच्याच भल्याचं आहे.

तिला सांगितलं पाहिजे.

१७ जानेवारी

काल रविवार. दुपारी जेवण झालं. मी तिला समजावून सांगितलं, जसं वर लिहिलं तसं. शांतपणे सांगितलं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "डॉक्टरीणबाई काय म्हणल्या, आठवते नं? दर वेळेले."

"त्यायले सारं समजते, मले काई समजत नाई?"

"तसं नाई म्हणली मी."

मी फळीवरचा डबा काढला आणि सगळी पाकिटं चुलीत टाकली. निखारे होतेच. घरभर जळक्या रबराचा वास. मग मी तिचा हात धरला.

तिनं सोडवून घेतला नाही. नुसतं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मले तुमच्यासारखं करायचं हाय का तुमाले?"

मी "नाही" म्हणालो. पण लगेच नाही म्हणालो. मधे जो वेळ गेला तो तिनं ऐकला.

मग तिनं हात सोडवला, समोरचं दार सताड उघडलं आणि सुपात लाखोळीची डाळ घेऊन उंबऱ्यावर जाऊन बसली. रस्त्यावरचे सगळे बघतील अशी. उन्हं उतरेपर्यंत ती डाळ निवडत बसली. निवडून झालेली परत निवडली. मी आत बाजेवर. तिची पाठ दिसत होती.

आज सकाळी तिनं चौकातल्या फोनवरून सोमाजीला बोलावलं. तो भाड्याची जीप घेऊन आला. भांडला नाही, माझ्याशी बोललाच नाही. साधना जाताना म्हणाली, "पेज झाकून ठेवली हाय. गोळ्या खिडकीत." चप्पल घातली आणि गेली.

मोरपंखी लुगडं घेऊन गेली.

३ फेब्रुवारी

ताप. खोकला. कामावर नाही. कोलूची बायको कांता दोन वेळा भाकर आणून देते. दाराबाहेर ठेवते आणि हाक मारते. बरोबर आहे तिचं.

बाजेवर पडून हिशेब मांडतो. ती आकिबला भेटली असेल. त्या माणसानं तिला बघितलं असेल. त्याची पोरगी तिच्या मांडीवर बसली असेल.

२० फेब्रुवारी

ताप उतरला तसा मोहर्लीला गेलो. दोन एस.टी. बदलल्या. कशासाठी जातो आहे ते माझं मलाच ठरवता येत नव्हतं. माफी मागायची म्हणत होतो, पण माफीचे शब्द जुळवायला बसलो की दुसरंच तोंडात येत होतं.

रस्त्याच्या पलीकडे पळसाखाली उभा राहिलो. फाटकातून जिपा बाहेर येत होत्या. वाघ दिसलेले लोक मोठ्यानं बोलत उतरत होते. साधना सोमाजीच्या हॉटेलात कढईपुढे होती. आलूबोंडे काढत होती. एका गाईडनं काहीतरी म्हटलं, तिनं झारा उगारला, सगळे हसले. तीही.

ती बारीक झाली असेल, डोळे खोल गेले असतील, असं मी येताना ठरवून टाकलं होतं. तसं काही नव्हतं. माझ्याशिवाय छान चाललं होतं तिचं.

पळसाला फुलं लागली होती. मी परत फिरलो. तिनं मला पाहिलं नाही. किंवा पाहिलं असेल.

४ मार्च

आकिबचा फोन. केंद्राच्या ऑफिसात आला, शिपायानं शेतातून बोलावून नेलं.

"प्रफुलभाऊ, नागपूरला मोफत औषधासाठी तुमचा नंबर लागला. दहा तारखेला चंद्रपूरला या, कागद तयार करू, तिथून नागपूर. ही औषधं रोज घ्यावी लागतील, जन्मभर. घरचं कुणी सोबत पाहिजे."

"घरी कोणी नाई," मी म्हणालो.

त्यानं तिकडे दार लोटून घेतलं. मग म्हणाला, "भाऊ, दर खेपेला साधनाबाई माझं डोकं खात होत्या. औषध कधी येणार, यादी कोण करते, यांचा नंबर कितवा. मी एकदा म्हणलो, 'बाई, मंत्र्यालेच फोन लावून देऊ का तुमाले?' तर हसल्या अन् म्हणल्या, 'लावा.' मोहर्लीवरून पण दोन वेळा फोन आला त्यांचा."

मी फोन ठेवला. शिपाई म्हणाला, "काय झालं? बरी बातमी नाई का?"

बरी आहे म्हणालो. शेतात परत गेलो. तिनं माझ्यासाठी केलं याचा आनंद व्हायला हवा होता. पण मनात आधी हे आलं, की तिनं आकिबला दोन वेळा फोन केला. मला एकदाही नाही.

१० मार्च, चंद्रपूर

बसस्टँडवर बसून लिहितो आहे. नागपूरची गाडी यायची आहे.

सकाळी दवाखान्यात पोचलो तर बाकावर साधना. साधी सुती साडी, शेजारी पिशवी. मला वाटलं, माझ्यासाठी आली. तसं ओठांवर आलंच होतं, तेवढ्यात तीच म्हणाली, "रक्त द्यायची तारीख हाय आज माही."

"हो का."

"तुमी मोहर्लीले आले होते."

मी बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसलो.

"चहा तरी प्यायचा," ती म्हणाली.

मग मी विचारलं. तेच विचारलं, जे विचारायचं नाही असं ठरवून आलो होतो. "त्या मानसाचं काय झालं?"

"कोणत्या? दादानं पाह्यलेला?" तिनं माझ्याकडे नीट वळून पाहिलं. "चांगला हाय तो. पोरगी बी गोड हाय. मी नाई म्हणलं."

"काऊन?"

"मले आता कोणाचंच घर नाई पाह्यजे लगेच. हॉटेलात मन लागते माहं." पिशवी जवळ ओढत म्हणाली, "अन् इथी यायले बी आवडते मले. खरं सांगतो. घरी मी रोग्याची बायको. इथी मले माह्या नावानं हाक मारतात. तुमच्या औषधासाठी गेली म्हणून मले देवी नका बनवू."

तेवढ्यात आतून आवाज आला, "साधनाबाई!"

ती उठली, दोन पावलं गेली आणि परत आली. "चाला," म्हणाली.

"कुठी?"

"आत. सिस्टर आज नवी हाय वाटते."

मला कळलं नाही. आत गेलो. खुर्चीवर बसली आणि तिनं डोळे गच्च मिटले, मान भिंतीकडे फिरवली. रबरी पट्टी बांधायच्या आधीच तिच्या ओठांवर घाम आला होता. टेबलावर रिकाम्या नळ्यांची रांग मांडलेली. सिस्टर म्हणाली, "घाबरता एवढं? किती वेळा दिलं तुम्ही." साधना पुटपुटली, "दर वेळेले अशीच मरतो मी." तिनं मोकळा हात मागे केला, हवेत शोधला. मी तो धरला.

सुई टोचली. तिची बोटं माझ्या मनगटात रुतली. इतक्या जोरात, की माझी कातडी नखाखाली सोलली गेली. अलीकडे कातडी कागदासारखी झाली आहे माझी. बारीक लाल रेघ उमटली आणि तिच्या बोटाच्या टोकाला लागली.

मी हात झटकला. कसा झटकला मला माहीत नाही. खुर्चीच सरकली. "सोड! सोड म्हणतो नं! पुसा आधी हिचा हात, सिस्टर! रक्त हाय माहं!" मी ओरडत होतो. बाहेरचे लोक दारात आले. सिस्टरनं एका हातानं सुई धरली होती, तिला काही करता येत नव्हतं. मीच माझ्या शर्टाच्या कोरड्या टोकानं तिचं बोट पुसलं, परत पुसलं, उजेडाकडे धरून कुठे चीर आहे का, खरचटलं आहे का, ते पाहिलं. बोटाला कढईचा जुना डाग होता. बाकी कातडी शाबूत होती.

साधनानं डोळे उघडले होते. सुईकडे नाही, माझ्याकडे बघत होती. नळी भरत होती, काळपट लाल.

"अजी," ती हळूच म्हणाली, "इतक्यानं काई होत नाई. साबनानं धुतो मी."

"आत्ता धू."

"सुई निघू द्या."

सुई निघाली. तिनं साबण लावून हात धुतला. मी शेजारी उभा राहून बघितलं. परत धू म्हणालो, तिनं परत धुतला.

कागद झाले. आकिबनं विचारलं, "नागपूरला सोबत कोण?" ती म्हणाली, "मी जातो. औषधाची माहिती ऐकून घेतो अन् उद्या मोहर्लीले परत." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "घरी यायचं मी काई म्हणलं नाई."

"मी विचारलं नाई," मी म्हणालो.

आता ती समोरच्या गाड्यावर केळी घेते आहे. केळीवाला तिच्याशी हसून बोलतो आहे आणि मला ते आवडलेलं नाही. दंडाला कापसाचा बोळा आहे, हात दुमडून धरला आहे. गाडी लागली. ती मला हात करते आहे.